भित्र्या बाई

बाई कुठल्याही खोलीत सरळ शिरत नसत. आधी दारात उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि मान जराशी पुढे काढून थांबायच्या, नव्या घरात शिरताना मांजर थांबतं तसं. आतली माणसं "या ना, या ना" करत राहायची. कोणी खुर्ची पुढे करायचं, कोणी पंखा लावायचं. पंखा लागला की बाई दोन पावलं मागे. मग डोळे उघडून शांतपणे सांगायच्या, "मला इथे भीती वाटतेय. थांबा जरा, कशाची ते बघते."

पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली, खाडीकाठच्या बाळकुमच्या कोळीवाड्यात वाढलेली बाई. शिकलेली. ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी, सगळं करून सोडलेलं. आणि दुसरा माणूस 'तहान लागलीय' म्हणेल त्या सुरात ही बाई 'भीती वाटतेय' म्हणायची. लिफ्टची भीती, फुग्यांची भीती, मिक्सरची, सरकत्या जिन्याची, फरशीवर पडणाऱ्या स्टीलच्या भांड्याची. टाळ्यांची तर फारच. डोंबिवलीत त्यांच्याकडे मुलांना घेऊन येणारे आम्ही पालक त्यांना पाठीमागे 'भित्र्या बाई' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

"बरोबरच आहे," त्या म्हणायच्या. "पोरं कशाला घाबरतात ते शोधायला भित्रं माणूसच लागतं. शूर माणसाला काय कळणार, कप्पाळ!"

मी त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा मीच भीतीने अर्धी झालेले.

आम्ही तेव्हा डोंबिवलीच्या अलीकडच्या दिवा गावात राहायचो. माझी मुलगी सई सहा वर्षांची होती. बोलणं जवळजवळ नव्हतंच, दोन-चार शब्द, तेही तिच्या मर्जीचे. ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगून झालेलं. तिला आवाज लागायचे. एखाद्याला फटका लागावा तसे. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटायची. आणि अगदीच असह्य झालं की पाण्याकडे पळायची. बादली, टब, रस्त्यात फुटलेल्या पाइपाचं डबकं, जे सापडेल त्यात डोकं खुपसायची. मी ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला बांधून स्वयंपाक करायचे. शेजारणी हसायच्या. हसू देत म्हणायचे. खाडी आमच्या बिल्डिंगपासून लांब नव्हती.

एका दुपारी खालच्या मजल्यावर हळद होती. डीजे लागला तशी आमच्या मांडणीवरची ताटं थरथरायला लागली. मी सईला पोटाशी घट्ट धरून बसलेले. तेवढ्यात शेजारच्या काकू हळदीला बोलवायला आल्या. दार उघडून "नाही हो जमणार" म्हणेपर्यंत ओढणीची गाठ सुटली होती, आणि सई माझ्या नि काकूंच्या मधून कधी निसटली ते दोघींनाही कळलं नाही.

जिना पाहिला. गच्ची पाहिली. खाली मांडवात शंभर माणसं नाचत होती, मी ओरडत होते आणि माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं. कोणीतरी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालं, "खाडीकडे बघा." नवरा कामावर होता. मी अनवाणी धावले. काठावर चिखलात पावलं शोधली. नव्हती. परत येऊन जिन्यातच बसले. दिव्यात पाण्याची कायमची बोंब, त्यामुळे ज्याच्या त्याच्या दारात पॅसेजमध्ये निळी पिंपं भरून ठेवलेली असायची. मला पाणी पाजायला म्हणून काकूंनी आपल्या पिंपाचं झाकण उचललं आणि त्यांच्या हातातला तांब्या पडला.

सई आत बसली होती. पाणी हनुवटीपर्यंत. झाकण तिनेच आतून ओढून घेतलेलं. डोळे उघडे. ती जन्मल्यापासून तिचा चेहरा इतका शांत मी पाहिला नव्हता, आणि त्या शांत चेहऱ्याचीच मला जास्त भीती वाटली.

महिन्याभरात आम्ही डोंबिवलीला भाड्याने आलो. नव्या घरात मी एकही पिंप ठेवलं नाही. बाथरूमला बाहेरून कडी, कडीला कुलूप. बाईंचं नाव सईच्या नव्या शाळेतल्या एका आईने सांगितलं. "जरा विक्षिप्त आहे बाई," ती म्हणाली, "पण जाऊन बघ."

बाईंचं सेंटर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. भिंतींना ताकासारखा फिकट रंग, त्यावर एकही चित्र नाही. दारावर बेल नव्हती. बाहेरून एक सुतळी ओढायची, आत एक निळं फडकं हलायचं. मी सुतळी ओढली. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बांगड्या काढ. पावडर लावलीयस ना? उद्यापासून नको."

सईबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. फाईल पुढे केली तर बाजूला ठेवली. मलाच म्हणाल्या, "तुला भीती कुठे वाटतेय? पोटात, की मानेत?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हटलं, "सगळीकडे."

"हं. मग बस. इथे वाटलेली चालते."

मी तिथे खाली बसले आणि रडले. रडण्याचा आवाज मोठा व्हायला लागला तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "रड गं, पण जरा बारीक. आत एक पोरगा पहिल्यांदा रंगात हात घालतोय."

त्यानंतर त्या आमच्या घरी आल्या. दारात थांबणं वगैरे झालं. मग पदर खोचला आणि हॉलच्या फरशीवर सरळ पालथ्या पडल्या. माझ्या सासूबाई आतून चहा घेऊन आल्या त्या कप धरून तिथेच उभ्या. बाई पालथ्याच सरपटत टीव्हीपर्यंत गेल्या, तिथून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. "सईच्या उंचीवरून घर बघतेय," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. मग उठून त्यांनी फ्रिजचा प्लग काढला. ट्यूबलाइट बंद केली.

सई सकाळपासून हॉलमध्ये गोल गोल फिरत होती. रोजच फिरायची. प्लग निघाला आणि ती थांबली. इकडेतिकडे पाहिलं आणि खाली बसली.

"घुंई," बाई म्हणाल्या. "दिवसभर ही घुंई. आपण ऐकायचं सोडून दिलंय. तिला सोडता येत नाही."

फ्रिज आम्ही आतल्या खोलीत नेला. ट्यूबच्या जागी पिवळा बल्ब आला. खुर्च्यांच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. कुकर माळ्यावर गेला, भात पातेल्यात व्हायला लागला. जेवताना सईच्या मांडीवर मुगाने भरलेली कापडी पिशवी ठेवायची, वजनाने तिला बरं वाटतं म्हणून. आणि एके दिवशी ती आमच्याबरोबर पंगतीला बसून जेवली. सगळं ताट. सासूबाई कधी नव्हे त्या बाईंचं नाव काढून म्हणाल्या, "विचित्र आहे, पण हाताला गुण आहे."

विचित्रपणाचे किस्से डोंबिवलीभर होते. त्यांच्या पर्समध्ये कायम एक छोटी कात्री असायची. कोणाचंही मूल मान खाजवताना दिसलं की त्या मागून जाऊन शर्टाच्या कॉलरचं लेबल कापायच्या. ओळख असो वा नसो. एकदा बस स्टॉपवर एका बापाने त्यांना चोर समजून हात धरला होता. बाई घाबरून थरथर कापत होत्या, पण लेबल मुठीत घट्ट. "बघा," त्यांनी मूठ उघडली, "हे टोचत होतं त्याला."

आणि सलूनची गोष्ट. त्यांच्याकडचा एक मुलगा केस कापू द्यायचा नाही. खुर्चीत बसवलं की किंचाळायचा, एकदा कात्री लागून कान फाटता फाटता वाचला. बाई त्या सलूनमध्ये गेल्या. पुरुषांचं सलून, रविवारची सकाळ, गल्लीतली सगळी तरुण पोरं नंबर लावून बसलेली. बाई आत आल्या, नेहमीसारख्या थांबल्या, आणि थेट खुर्चीत जाऊन बसल्या. "माझे काप."

"मावशी, लेडीज पार्लर पुढे आहे," सलूनवाला म्हणाला.

"मला माहितीये. तू काप."

त्याने गळ्याभोवती कापड आवळलं. बाई ओरडल्या, "थांब! इथे. इथे जीव गुदमरतो." पाण्याचा फवारा मारला. "हे सुया टोचल्यासारखं लागतं." मग मशीन कानामागे लावली तेव्हा बाईंनी खुर्चीचे हात असे पकडले की पोरांचं हसणं बंद झालं. डोळ्यांतून पाणी आलं होतं त्यांच्या. "हाडात शिरतो रे आवाज," त्या म्हणाल्या. "बंद कर." मानेवरचा एक पट्टा तोवर साफ उडालेला. तो भरून येईपर्यंत त्या पदर मानेवरून घेऊन हिंडत होत्या. पण त्यानंतर सोमवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, सलूनवाला अर्ध्या तासासाठी शटर अर्धं उघडायचा. कापड सैल, पाणी हाताने, मशीन नाहीच. तो मुलगा केस कापून घ्यायला लागला. आणखी तीनचार मुलंही येऊ लागली.

बाईंना राग येत नसे असं नाही. एक वाक्य कानावर पडलं की त्यांचा चेहरा काळवंडायचा. 'सवय होईल.' शाळेतले शिक्षक म्हणायचे, "थोडं बसवा हो वर्गात, सवय होईल." आजोबा म्हणायचे, "फटाक्यांना घाबरून कसं चालेल, जवळ नेऊन दाखवा, सवय होईल." माझ्या नवऱ्यानेही एकदा म्हटलं. बाई त्याला म्हणाल्या, "सवय होते हो. घाबरल्यावर गप्प बसायची सवय होते. मग तुम्हाला वाटतं भीती गेली."

त्याच दिवशी, नवरा सईला घेऊन पुढे गेल्यावर, त्यांनी मला लहानपणची एक गोष्ट सांगितली. त्या सातआठ वर्षांच्या होत्या. कोळ्याची मुलगी असून पाण्याला भ्यायच्या. होडीत बसायच्या नाहीत, बसवलं तर तळाशी आडव्या व्हायच्या. सगळ्यांची थट्टा चालायची. एक दिवस त्यांच्या काकाने भर खाडीत त्यांना उचललं. "कोल्याची पोर आन् पान्याला भिते?" असं म्हणाला आणि दिलं फेकून.

"मग?"

"मग काय. हातपाय मारले. आले काठाला. सगळे टाळ्या वाजवत होते. काका म्हणाला, बघ, झाली की नाय सवय." बाईंनी साडीच्या निऱ्या पायाशी आवळून घेतल्या. "त्या दिवसापासून पाण्यात पाऊल घातलेलं नाही मी. गुडघाभरसुद्धा नाही."

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेतच गेल्या. त्यांच्या सेंटरच्या जागी केकचं दुकान आलंय, समोर स्पीकर असतो. मी तिथून जाताना अजून फूटपाथ बदलते.

पण मला सांगायचंय ते पोहण्याचं.

सई आठ वर्षांची झाली होती. घर शांत झालं होतं, शाळेत ती बसत होती, पण पाण्याची ओढ तशीच. एकदा शाळेतून येताना हात सोडवून थेट एका सोसायटीच्या उघड्या टाकीकडे पळाली. वॉचमनने कमरेला धरून उचललं म्हणून वाचली. मी बाईंना म्हटलं, "दुप्पट कुलपं लावते. तिला बाहेरच नेत नाही."

पुढचे काही दिवस बाई माझ्याशी नीट बोलल्याच नाहीत. मग एका सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. ओठ कोरडे पडले होते त्यांचे.

"ती पाण्याकडे जाणार," त्या म्हणाल्या. "आज नाही तर उद्या. तू किती दारं लावशील? तिला पाण्यात राहता आलं पाहिजे. पोहायला शिकवायचं."

"तुम्ही असाल ना पण?"

"काठावर," बाई म्हणाल्या. "काठावर असेन."

बाळकुमला, जिथे त्यांच्या लहानपणी सुकी मासळी वाळत पडायची, तिथे आता मोठं कॉम्प्लेक्स झालं होतं. त्यांचा एक चुलतभाऊ कमिटीत होता. दुपारी रिकामा असणारा तिथला छपराचा तलाव त्याने मिळवून दिला. शिकवायला तिथलेच कोच होते, तरुण, खणखणीत आवाजाचे. सगळे त्यांना सर म्हणायचे.

बाई आधी एकट्या जाऊन आल्या. परत आल्या त्या पांढऱ्याफटक. "नरक आहे," म्हणाल्या. "पत्र्याचं छप्पर, प्रत्येक आवाज चारदा परत येतो. खाली मोटर घरघरते. क्लोरिनचा वास नाकात चढतो. खिडक्यांतून ऊन पाण्यावर पडतं नि डोळ्यांत सुरीसारखं घुसतं. त्यात तो शिट्टी मारतो. मी शिट्टी ऐकून खाली बसले."

मला वाटलं, चला, संपलं, बरंच झालं. पण बाईंचं ते फक्त बघून झालं होतं.

दोन महिने सई तलावाजवळही गेली नाही. तलाव थोडा थोडा आमच्या घरी आला. रबरी टोपी आधी खेळण्यात पडली, मग सासूबाईंनी घातली, मग सईने कुरमुरे खाताना घातली. तलावातल्या पाण्यात भिजवलेला टॉवेल बाल्कनीत वाळत पडायचा, वासाची ओळख व्हावी म्हणून. तिकडे तलावाच्या खिडक्यांना बाईंनी जुन्या चादरी लावल्या. एका लांब भिंतीवर दोरी बांधून गोधड्या टांगल्या, आवाज पिऊन घ्यायला. कमिटीतली माणसं म्हणाली, "हा काय धोबीघाट केलाय?" चुलतभावाने त्यांना कसंबसं गप्प केलं. मोटर आमच्या वेळेला बंद. शॉवरच्या जागी बादली नि तांब्या.

राहिली शिट्टी.

"मॅडम, शिट्टीशिवाय कोच कसला?" सर म्हणाले. "पोरगी लांब गेली तर बोलवू कसा?"

बाईंनी त्यांच्या हातात केशरी फडकं दिलं. "हे वर धरायचं. ती बघेल."

"आन् नाय बघितलं तर?"

"तर तुम्ही आहात ना. पाण्यात. ओरडून कोणाला काढता येतं का पाण्यातून?"

सई पाण्यात उतरली तो दिवस. तिने पायरीवर पाय ठेवला, काढला, ठेवला. मग सरळ छातीपर्यंत आत गेली आणि हसली. आवाज करून हसली. मला ते हसणं गोड मानून घ्यायचं होतं. पण मी तलावाच्या कडेने उकिडवी सरकत होते, ती जिकडे जाईल तिकडे, आणि माझे दात वाजत होते.

दोनतीन आठवड्यांत तिला श्वास रोखता यायला लागला, आणि तिथूनच ते सुरू झालं. सई पाण्याखाली जाऊन बसायला लागली. उथळ भागातच, तळाशी, मांडी घालून. सर तिला उचलून वर आणायचे, ती हात झटकून पुन्हा खाली. दर वेळी जरा जास्त. वर आली की रागावलेली असायची, श्वास घ्यायची तो नाइलाजाने घेतल्यासारखा. मला पिंपातला तो चेहरा दिसायचा. मी ओरडायचे, "सई! वर ये! सई, बाळा, बघ इकडे! सई!"

एके दिवशी सरांनी तिला ओढून काढलं तेव्हा तिने त्यांच्या दंडाला चावा घेतला. सर काठावर आले. त्यांचा खणखणीत आवाज गेला होता. "ताई, मी घाबरलोय," ते मला म्हणाले. "खरं सांगतो. तिला वर यायचंच नाय. ही जबाबदारी माझ्याच्याने नाय होणार."

मी टॉवेल गोळा करायला लागले. कुलपं, कड्या, ओढणी, सगळं मनात पुन्हा मांडून झालं होतं.

"थांब," बाई म्हणाल्या. त्या नेहमीसारख्या भिंतीला पाठ लावून, पाण्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसल्या होत्या. डोळे मिटलेले. "तिला अजून थोडा वेळ खेळू दे. सर, तुम्ही जवळ राहा. आणि तू जसं करतेस तसंच कर."

मी तसंच केलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"ती खाली कधी जाते बघितलंस?" त्या म्हणाल्या. "तू हाक मारलीस की."

पुढची हाक मी अर्ध्यावर तोडली.

"शिट्टी काढली, मोटर काढली, शॉवर काढला. आता या छपराखाली एकच आवाज उरलाय गं. तुझा. घाबरलेला आवाज फार टोकदार असतो. मलाही लागतोय." त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. ट्यूबलाइट बंद करतानाही त्या अशाच बोलल्या होत्या.

"मग मी काय करू?" मी म्हटलं. "ती बुडत असेल तेव्हा गप्प बसू?"

"हो."

"बाई, मला नाही जमणार."

"नसेल जमणार." त्या उठून उभ्या राहिल्या. "पण तेवढंही पुरणार नाही. वर शांत झालं तरी खालचं जास्त शांत असणार. वर येण्यासारखं तिला काय आहे? ते इथून नाही कळायचं." त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि चटकन नजर काढली. "आत जाऊन बघावं लागेल."

पुढच्या वेळी बाई नायलॉनची पँट आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घालून आल्या. भाचीचा होता, अंगाला घट्ट. त्या अवस्थेत त्यांना कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. आम्ही कोणी हसलो नाही. त्यांची मान, हात, गुडघे, सगळं हलत होतं.

सई आधीच पाण्यात होती. मी काठावर बसले आणि ओढणीचा बोळा तोंडात धरला. खरंच धरला.

बाईंनी लोखंडी कठडा पकडला आणि पहिल्या पायरीवर उतरल्या. "मला भीती वाटतेय," त्या हळूच म्हणाल्या. दुसरी पायरी. "मला भीती वाटतेय." पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्या थांबल्या आणि डोळे गच्च मिटले. मला वाटलं आता परत फिरणार. सरांनी हात पुढे केला. बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. मांडीपर्यंत. कमरेपर्यंत. मग त्यांनी गुडघे वाकवले, पाणी गळ्याशी आलं, आणि कठडा न सोडता त्यांनी डोकं मागे टाकलं. कान पाण्यात गेले.

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम थांबलं. डोळे उघडले. वर पत्र्याकडे बघत त्या तशाच राहिल्या. मग डोकं वर काढून, धापा टाकत, सरांना म्हणाल्या, "कान आत, नाक बाहेर. एवढंच पाहिजे तिला. खालचं सगळं इथेच आहे, आणि श्वासही घेता येतो. तिला पाठीवर तरंगायला शिकवा."

आणि तेवढ्यात त्यांचा पाय सरकला.

कठडा सुटला. बाई पाण्याखाली गेल्या, वर आल्या, पुन्हा गेल्या. पाणी जेमतेम कमरेभर होतं, उभं राहिलं असतं तरी पुरे होतं, पण त्यांना उभं राहणं आठवत नव्हतं. त्या सातआठ वर्षांच्या झाल्या होत्या आणि भर खाडीत होत्या. सर झेपावले, त्यांनी मागून काखेत धरून बाईंना उचललं. डोकं पाण्यावर आलं तरी त्या हात मारतच होत्या. तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. मी ओढणी तोंडातून काढली. किंचाळी गळ्याशी आलेली होती.

सई तळाशी बसलेली होती. ती वर आली. स्वतःहून, कोणी न बोलावता. तिने बाईंकडे पाहिलं. सई कोणाला हात लावत नसे, मलाही क्वचितच. ती पाण्यातून चालत बाईंच्या जवळ गेली आणि आपले दोन्ही ओले तळहात तिने बाईंच्या दोन्ही कानांवर दाबून धरले. घट्ट. तिला ठाऊक होती ती भीती कानातूनच आत यायची.

मी ओरडले नाही. कसं जमलं ते मला आजही सांगता येत नाही.

बाईंचे हात हळूहळू थांबले. सर मागून त्यांना धरून होते, सई पुढून कान धरून, आणि बाई मध्ये, पांढऱ्या केसांच्या बटा पाण्यावर पसरलेल्या. कितीतरी वेळ कोणी हललं नाही. मग सईनेच बाईंचं डोकं कानांना धरून मागे झुकवलं, जरा जोरातच, आणि सरांनी पाठीखाली हात घातला. बाई तरंगल्या. सईने ते नीट न्याहाळलं. मग ती शेजारी तशीच मागे झाली. तिचे पाय बुडाले, सरांनी दुसऱ्या हाताने सावरले. दुसऱ्यांदा बुडाले नाहीत. पाण्यावर सईचा चेहरा होता, फक्त चेहरा. शांत. नाकपुड्या हलत होत्या. मी त्या नाकपुड्यांकडे बघत राहिले.

सई आता तासन् तास तरंगते. पाण्याकडे धावतेही अजून, आणि मीही अजून काठावर उकिडवी सरकते, तोंड मिटून.

बाईंना त्या दिवशी बाहेर काढून आम्ही दोन टॉवेलांत गुंडाळलं. त्यांना उलटी झाली. रात्री ताप भरला. पुढच्या आठवड्यात मात्र त्या वेळेवर हजर होत्या, साध्या सुती साडीत, भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. सई पाठीवर झाली होती. मी हसून विचारलं, "बाई, आज उतरणार ना? आता सवय झाली असेल."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तिथेच विरलं.

"वेडी आहेस का?" त्या म्हणाल्या. "मला पाण्याची भीती वाटते."